शिक्का कोणाचा?

आज सराफाकडून नवी बांगडी घेतली, तर तिच्या आतल्या अंगाला तीन गोष्टी कोरलेल्या असतात. अक्षर इतकं बारीक, की भिंगाशिवाय वाचता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोचं, म्हणजे बीआयएसचं, त्रिकोणी चिन्ह. ‘२२ कॅरेट ९१६’ असा कस. आणि अक्षरं-आकडे मिळून सहा घरांचा एक क्रमांक. या क्रमांकाला एचयूआयडी म्हणतात. तो दर दागिन्याला वेगळा असतो आणि लेझरने कोरतात. दुकानदार ‘हॉलमार्क आहे, ताई’ म्हणून बांगडी पुढे सरकवतो आणि आपण बोलणी मजुरीकडे वळवतो. त्या तीन खुणांमागे किती जुनी भांडणं आहेत, हे तेवढ्यात कोणाच्या मनात येणार?

बनावट मालापासून संरक्षण म्हटलं, की होलोग्राम, क्यूआर कोड, नोटेतली चमकती तार हेच आठवतं. पण या विद्येचं जुनं घराणं सोन्याचांदीचं. त्याला कारणही तसंच आहे. बनावट घड्याळ बंद पडतं, बनावट औषधाने ताप उतरत नाही. कमी कसाचं सोनं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसंच चमकत राहतं आणि फसवणूक कळते ती थेट मोडीच्या दिवशी. शिवाय हा माल बहुधा पुरता खोटा नसतो, थोडासाच कमी असतो. त्या ‘थोड्याशा’तच धंदा असतो.

सगळ्यात पहिलं यंत्र म्हणजे कसोटीचा दगड. काळा, घट्ट, बारीक कणांचा. त्यावर दागिना घासला, की रेघ उमटते. शेजारी कस माहीत असलेल्या सळीची रेघ ओढायची आणि दोन्हींचा रंग ताडून पाहायचा. पुढे यात आम्लाचा थेंबही आला. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाच्या कामाचं प्रकरण आहे. त्यात उत्तम कसोटी कोणती, तर कलिंगाची किंवा तापीच्या दगडाची, मुगाच्या रंगाची, असं सांगितलंय. आपल्या खानदेशातून वाहणारी तापी तिथे अशी सोन्याच्या परीक्षेत भेटते. आजही त्याच खोऱ्यातल्या जळगावचं नाव सोन्याच्या बाजारासाठी घेतलं जातं. हा योगायोगच म्हणायचा, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या प्रकरणाची खरी मजा दगडापेक्षा लबाड्यांच्या यादीत आहे. नखात दडवलेली काव रेघेवर हळूच भुरभुरून तिचा रंग चढवायचा, ही लबाडी तिथे नोंदलेली आहे. हिंगूळ किंवा हिराकस गोमूत्रात भिजवून बोटाला लावायचं आणि सोन्याला स्पर्श करून ते पांढरट पाडायचं, ही दुसरी. विकत घेताना सोनं हलकं दिसावं म्हणून ती उपयोगी. पुढच्या प्रकरणात तराजूचा खोटेपणा, अदलाबदल, पोकळ घडण असे सोनारांचे चोरीचे मार्ग क्रमाने दिलेत. ज्याने हे लिहिलं त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. दगड खोटं बोलत नाही. दगड धरणाऱ्या हाताची नखं तपासावी लागतात.

हा हात कोणाचा, हा प्रश्न मराठी मुलखात गावपातळीवर सोडवला होता. मराठेशाहीत बाजारात एक रुपया नव्हता, अनेक होते. अंकुशी, चांदवडी, हाली. टांकसाळी निरनिराळ्या, चांदीचा कसही निरनिराळा. सारा भरायला आलेलं नाणं खरं की खोटं, हलकं की पुरं, त्यावर बट्टा किती, हे ठरवायला गावात पोतदार असे. बहुतेक ठिकाणी हा जातीने सोनार. आज ते आडनाव म्हणून उरलंय, तेव्हा ते काम होतं. शहरांतले सराफ तपासलेल्या नाण्यावर स्वतःची बारीक खूणही उमटवत. जुन्या रुपयांवर असे टोचे पाहायला मिळतात आणि नाणेसंग्राहक त्यांना वैतागतात, कारण नाणं विद्रूप होतं. व्यापाऱ्याला मात्र तो टोचा म्हणजे ओळखीच्या माणसाचा शब्द होता.

१८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया आणला. वजन १८० ग्रेन, त्यात चांदी बारा भागांतले अकरा भाग, म्हणजे हजारात ९१६ आणि थोडं वर. बावीस कॅरेट सोन्याचाही हाच हिशेब: चोवीसातले बावीस. ‘नाइन-वन-सिक्स’ हा शब्द आज सराफी पेढीवर पोराबाळांनाही पाठ असतो. तो आकडा बीआयएसने शोधलेला नाही, नाण्यांच्या जगात तो आधीपासूनच होता. नाणी एकसारखी झाली आणि पोतदाराचं काम ओसरत गेलं. दागिन्यांना मात्र कोणीच वाली उरला नाही. तिथे ‘घरचा सोनार’ हीच हमी.

शिक्का ही गोष्ट पद्धतशीर कशी झाली, ते पाहायला थोडं दूर जावं लागतं. बायझंटाईन साम्राज्यात सहाव्या शतकाच्या आसपासच्या चांदीच्या भांड्यांवर पाच-पाच शिक्के मारलेले सापडतात, सम्राटाची मुद्रा आणि अधिकाऱ्यांची नावं असलेले. पण अखंड चालत आलेली परंपरा इंग्लंडची. ‘हॉलमार्क’ हा शब्दही लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉल या इमारतीवरून आला.

१३०० साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला. चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध हवी आणि तिच्यावर बिबट्याच्या तोंडाचा शिक्का हवा. सोनारांच्या संघाचे पंच दुकानोदुकानी फिरत, माल तपासत आणि शिक्का मारत. १३६३ साली दर कारागिराला स्वतःचीही खूण घ्यायला लावली. बऱ्याच जणांना लिहिता येत नसे, म्हणून त्या खुणा चित्रांच्या असत. आता एका भांड्यावर दोन साक्षी झाल्या: घडवणारा आणि तपासणारा.

या मागोव्यातली सगळ्यात हुशार गोष्ट मला वाटते ती १४७८ सालची. तोवर बोंब अशी होती, की पंचच ढिले आहेत, हलक्या मालावरही बिबट्या बसतो. तेव्हा कायद्याने संघालाच जबाबदार धरलं. तपासनिसाने चूक केली तर भुर्दंड संघाला. संघाने मग फिरतं काम बंद केलं. पगारी तपासनीस नेमला, हॉलमध्ये जागा दिली, आणि सोनारांना माल घेऊन तिथे यायला लावलं. जोडीला एक नवं अक्षर आणलं. पहिल्या वर्षी ए, पुढच्या वर्षी बी. सेंट डन्स्टनच्या दिवशी, १९ मे रोजी, अक्षर बदलायचं. वीस अक्षरं संपली, की वळण बदलून पुन्हा पहिल्यापासून. या अक्षराने गिऱ्हाइकाला भांड्याचं वय सांगायचं नव्हतं. उद्या एखादं भांडं हलकं निघालं, तर त्या वर्षी तपासनिसाच्या खुर्चीवर कोण बसलं होतं हे कळावं, एवढाच त्याचा हेतू. चोर पकडण्यासाठी नव्हे, चौकीदार पकडण्यासाठी काढलेली ही खूण. आज जुन्या चांदीचे व्यापारी त्याच अक्षरावरून वस्तूचं साल सांगून भाव वाढवतात, हा भाग वेगळा.

शिक्का भरवशाचा झाला, की त्याची चोरी सुरू होते. त्याची कहाणी अठराव्या शतकातली. १६९७ साली सरकारने भांड्यांच्या चांदीचा कस नाण्यांपेक्षा वर, हजारात ९५८ वर नेला, कारण लोक नाणी कातरून, वितळवून भांडी करत होते. १७२० साली जुना कस परत आला, पण सोबत दर औंसामागे सहा पेन्सचा कर घेऊन. तो भरायचा शिक्का घेताना. मग लंडनच्या कारागिरांनी तोड काढली. एक छोटी, हलकी वस्तू हॉलमध्ये न्यायची, तिच्यावर थोडासा कर भरून अस्सल शिक्के घ्यायचे, घरी येऊन तेवढा तुकडा कापायचा आणि मोठ्या, जड सुरईच्या बुडाशी बेमालूम झाळून टाकायचा. शिक्का खरा, चांदीही बहुधा खरी. दोघांची गाठ तेवढी खोटी. पॉल द लामेरी हा त्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला चांदी-कारागीर. त्याच्याही काही वस्तूंत अशी कलमं सापडली आहेत. आणि धंद्यातल्या अफरातफरीला आळा घालायच्या विधेयकासाठी संघाने १७३८ साली जी समिती बसवली, तिच्यात हे महाशय सभासद होते.

शिक्षा वाढवून काय साधलं? १७५८ पासून खोट्या हॉलमार्कला फाशी होती. पंधरा वर्षांनी ती उतरवून चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आणली. करचुकवेगिरी थांबली ती मात्र फाशीने नव्हे. १७५८ सालीच वजनावरचा कर काढून व्यापाऱ्यांना ठोक परवाना फी लावली आणि तुकडे कापून जोडण्यातला फायदाच गेला. खोट्याचं कारण काढून टाकणं हा शिक्का कठीण करण्यापेक्षा स्वस्त उपाय असतो. सरकारांना तो क्वचितच सुचतो.

आणखी एक गंमत १७७३ ची. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन चांदीची भांडी करी, पण शिक्क्यासाठी माल चेस्टरला पाठवावा लागे. वाटेत वस्तूंना पोचे पडत, वेळ जाई, आणि नव्या नक्षीची नक्कलही होई. शेफील्डवाल्यांना बरोबर घेऊन त्याने पार्लमेंटात खटपट केली आणि दोन्ही गावांना तपासणी कार्यालयं मिळवली. या लोकांच्या बैठका लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत होत. म्हणून शेफील्डला मुकुट आणि बर्मिंगहॅमला नांगर अशा खुणा मिळाल्या, असं सांगतात. समुद्रापासून लांब असलेल्या बर्मिंगहॅमच्या चांदीवर नांगर आहे तो असा.

हिंदुस्थानात इंग्रजांनी ही पद्धत आणलीच नाही. कलकत्त्याच्या हॅमिल्टनसारख्या बड्या पेढ्या आपल्या चांदीवर इंग्रजी हॉलमार्कच्या धर्तीवर स्वतःच खुणा मारत. त्यांत एक हत्तीही असे. माल चांगला असे. पण त्या खुणांमागे ना हॉल होता, ना तपासनीस, ना चुकीबद्दल भुर्दंड. दिसायला हॉलमार्क, अर्थाने कंपनीचं नाव.

स्वातंत्र्यानंतर सरकारची नजर सोन्याच्या कसावर नव्हे, साठ्यावर गेली. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याचा सोस कमी करायचा होता. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटहून वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरेटचं मंगळसूत्र कोणाला हवं होतं? हजारो सोनारांचे हात रिकामे झाले, काहींनी जीव दिला. १९६६ साली ती अट मागे घेतली गेली, पण नियंत्रण राहिलं. १९६८ चा कायदा रद्द व्हायला १९९० उजाडावं लागलं. या सगळ्या काळात घरात किती सोनं आहे हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. ते किती खरं आहे, याची चौकशी कोणी करत नव्हतं.

पुढचा टप्पा कायद्याने नव्हे, झाळकामाने आणला. दागिन्याचे सांधे जोडायला पूर्वी तांबं-चांदी घातलेलं हलक्या कसाचं सोनं लागे. त्यामुळे पाटली बावीस कॅरेटची म्हणून घेतली, तरी वितळवल्यावर सगळं मिळून कस खाली येई, आणि मोडीला नेली की ‘घट’ निघे. मग कॅडमियम आलं. सोन्यात थोडं कॅडमियम घातलं, की झाळ लवकर वितळते आणि कसही फारसा उतरत नाही. दुकानांवर ‘केडीएम’च्या पाट्या झळकल्या आणि लोक केडीएम हाच शुद्धतेचा शिक्का समजू लागले. खरं तर ते फक्त जोडायचं मिश्रण होतं, त्यातही त्याचा धूर कारागिराच्या छातीत जाणारा, विषारी. हॉलमार्कच्या मानकांनी ते बाद केलं.

बीआयएसने एप्रिल २००० मध्ये सोन्याचं हॉलमार्किंग सुरू केलं. ते ऐच्छिक होतं. दागिन्यावर पाच खुणा: बीआयएसचं चिन्ह, कस, तपासणी केंद्राची खूण, वर्षाचं अक्षर आणि सराफाची खूण. म्हणजे १४७८ चा लंडनचा नमुना जवळपास जसाच्या तसा. २०१७ साली त्यातलं वर्षाचं अक्षर गळलं.

केंद्रात तपासणी कशी होते हेही पाहू. आधी एक्सआरएफ यंत्र: क्ष-किरण टाकायचे, धातू उलट जे किरण सोडतो त्यांवरून त्यात काय काय आहे ते काही सेकंदांत पडद्यावर दिसतं. पण हे किरण फार खोल जात नाहीत. वर जाड मुलामा आणि आत भलतंच असेल, तर यंत्र मुलाम्याचीच साक्ष देतं. शेवटचा निवाडा म्हणून अजूनही आगच लागते. दागिन्याचा कण खरवडून तोलायचा, त्यात चांदी मिसळायची, शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या छोट्या वाटीत घालून हजार अंशांहून वर तापवायचा. शिसं तांब्यासारखं हीण घेऊन वाटीत जिरतं. मागे सोन्याचांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून, गुंडाळून नायट्रिक आम्लात उकळला, की चांदी निघून जाते. उरलेलं सोनं तोलायचं. ही रीत मध्ययुगीन तपासनिसाला दाखवली, तर आम्लाचा भाग सोडता त्याला नवीन काही वाटणार नाही.

या भट्टी-आम्लाच्या कामात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, आणि त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जुनं सोनं गाळायचं, शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा, हे त्यांचं काम. दक्षिणेतल्या एखाद्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात भट्टीशेजारी खानापूर तालुक्याची बोली कानावर पडली, तर नवल वाटून घेऊ नका.

आगीलाही चकवणारे निघालेच. इरिडियम आणि रुथेनियम हे धातू भुकटीच्या रूपात सोन्यात मिसळून विकायचे प्रकार आपल्याकडे झाले. ते शिशाबरोबर जात नाहीत, आम्लात विरघळत नाहीत, आणि शेवटी सोन्याच्या वजनात मोजले जातात. ते पकडतं एक्सआरएफ. म्हणजे मुलामा आग पकडते, इरिडियम किरण पकडतात. एकावर भरवसा ठेवून चालत नाही.

जून २०२१ मध्ये २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ जुलैपासून एचयूआयडी आला. सराफांनी २३ ऑगस्टला एक दिवसाचा लाक्षणिक बंद पाळला. दर दागिन्याची नोंद करायला वेळ जातो, आणि हा क्रमांक शुद्धतेपेक्षा आमच्या धंद्यावर नजर ठेवायला आहे, अशी त्यांची तक्रार. तिच्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण ती ऐकून मला १४७८ आठवतं. नजर ठेवणं हाच हॉलमार्कचा मूळ धंदा आहे. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या कक्षेतला दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. पाचाच्या चार झालेल्या खुणा आता तीनच राहिल्या. केंद्राची आणि सराफाची खूण सक्तीच्या यादीतून गेली, ती माहिती ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये शिरली. क्रमांक टाकला, की सराफाची नोंदणी, केंद्र, वस्तूचा प्रकार, कस आणि हॉलमार्कची तारीख समोर येते.

ही सोय मोठी आहे, पण तिच्यात एक गोची आहे. अ‍ॅप सांगतं ते नोंदीबद्दल, तुमच्या हातातल्या सोन्याबद्दल नाही. एखाद्या अस्सल बावीस कॅरेटच्या अंगठीचा क्रमांक उतरवून कोणी तो हलक्या अंगठीवर कोरला, तर अ‍ॅप निमूटपणे ‘अंगठी, बावीस कॅरेट’ म्हणेल. क्रमांक खरा, अंगठी सोन्यासारखी. दोघांची गाठ खोटी. लंडनच्या कारागिराला निदान तुकडा कापून झाळावा लागत होता. आणि आधी दागिना हातात घेतला, की भिंगाखाली सराफाची खूण दिसे. आता तो कोणाचा, हे कळायला फोन आणि नेट लागतं. वर्षाचं अक्षर आणि सराफाची खूण दागिन्यावर ठेवून क्रमांक वरून जोडला असता, तर बिघडलं काय असतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. अ‍ॅपमधला वस्तूचा प्रकार, कस आणि सराफ हे हातातल्या दागिन्याशी आणि बिलाशी ताडून बघा. बिलावर वस्तू, वजन, कस आणि हॉलमार्कची फी वेगवेगळी लिहून मागा. ती फी नगाला ४५ रुपये आणि वर जीएसटी, जास्त नाही. दोन ग्रॅमच्या आतला नग सक्तीतून सुटतो, तेव्हा नाकातली चमकी आणि बाळाची बाळी घेताना सराफ ओळखीचा बघा. शंका आलीच, तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात कोणालाही आपला दागिना तपासून घेता येतो. चार नगांपर्यंत फी २०० रुपये. आणि हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर विकलेल्या वजनावर जेवढी तूट भरते तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च तुम्हाला मिळायला हवा, असं बीआयएसच्या २०१८ च्या नियमांत लिहिलेलं आहे. त्यासाठी बिल जपून ठेवा.